प्युअर डेटा : एक भाषा, अनेक वितरणे

संगणक हे यंत्र हिशोबाचे, लेखनाचे आणि चित्रांचे काम करते, हे आता प्राथमिक वर्गातील मुलालाही ठाऊक असते. परंतु त्याच यंत्राकडून, कोणतेही तयार गाणे न वाजविता, आपल्या आज्ञेबरहुकूम अगदी नवा नाद निर्माण करून घेता येतो, ही गोष्ट आपल्या घराघरांत अद्याप फारशी पोहोचलेली नाही. हे काम करून देणारी जी साधने आहेत, त्यांत ‘प्युअर डेटा’ या साधनाचे स्थान मानाचे आहे. वरच्या वर्गांतील काही विद्यार्थी शाळा सुटल्यावर संगणकाच्या खोलीत बसून त्याचा अभ्यास करू लागले आहेत. तेव्हापासून त्यांच्या पालकांकडून आम्हांला एकच प्रश्न वारंवार विचारला जातो. हे साधन घरच्या संगणकावर उतरवून घेण्यास गेले असता एकाच नावाशी नाते सांगणारी तीन-चार रूपे समोर उभी राहतात. त्यांतील खरे कोणते आणि आपण घ्यावे कोणते?

प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. ही सर्व रूपे विनामूल्य आहेत, म्हणून निवड चुकली तरी पदरचा पैसा जात नाही. परंतु वर्षभर खपून केलेले काम पुढे उघडेनासे होऊ शकते. ते कसे, हे समजण्यासाठी मुळात ही वस्तू काय आहे ते आधी पाहिले पाहिजे. आम्ही कलाशाखेचे, तेव्हा विद्युच्छास्त्रातील बारकावे आमच्याकडून कोणी अपेक्षू नयेत. परंतु हे साधन ज्याने घडविले त्याने ते संगीतकारांसाठी घडविले आहे, अभियंत्यांसाठी नव्हे, एवढा आधार आम्हांला पुरेसा वाटतो.

संगणकाला आज्ञा द्यावयाची तर सामान्यतः ओळींमागून ओळी लिहाव्या लागतात. प्युअर डेटात तसे नाही. तेथे कोऱ्या पडद्यावर लहान लहान चौकोन मांडावयाचे, प्रत्येक चौकोनात एखादा शब्द लिहावयाचा आणि ते चौकोन रेघांनी एकमेकांस जोडावयाचे. चौकोनाच्या वरच्या कडेवर आत जाण्याची दारे असतात व खालच्या कडेवर बाहेर पडण्याची. शेतात पाटाचे पाणी जसे वरच्या वाफ्यातून खालच्या वाफ्यात उतरते, तसा नाद वरून खाली वाहत जातो. अशा मांडणीला ‘पॅच’ म्हणतात. पूर्वीच्या विद्युत्-वाद्यांत एक भाग दुसऱ्यास तारेने जोडीत, त्या तारांवरून हे नाव पडले. आम्ही या लेखात त्यास ‘आकृती’ म्हणू.

सर्वांत लहान आकृती तीन चौकोनांची. पहिल्यात ‘ऑस्क’ हा शब्द आणि पुढे ४४० हा आकडा. म्हणजे दर सेकंदास ४४० आंदोलने करणारा शुद्ध स्वर. दुसऱ्यात गुणाकाराची फुली व ०.१ हा आकडा. म्हणजे त्या स्वराची पातळी एक दशांशावर आणणे. तिसऱ्यात ‘डॅक’, म्हणजे ध्वनिक्षेपकाकडे जाणारे दार. (हे शब्द पडद्यावर रोमन लिपीत लिहावयाचे असतात, येथे आम्ही ते उच्चाराप्रमाणे दिले आहेत.) मधला चौकोन गाळू नये. तो गाळला तर स्वर संपूर्ण जोराने कानांवर आदळतो, आणि कर्णभूषके लावून बसलेल्या मुलाच्या कानांना ते मुळीच हितकारक नाही.

या शब्दांच्या शेवटी एक नागमोडी रेघ असते. तिचा अर्थ असा की, त्या चौकोनातून सतत वाहणारा ध्वनिप्रवाह जात आहे. प्रवाह म्हटला तरी वस्तुतः ते आकडेच असतात. ध्वनितबकडीच्या मानाप्रमाणे दर सेकंदास ४४,१०० आकडे, आणि संगणक ते चौसष्ट-चौसष्टांच्या गटाने मोजून पुढे सारतो. एक गट संपण्यास सुमारे दीड सहस्रांश सेकंद लागतो. ज्या चौकोनांना नागमोडी रेघ नाही, ते प्रवाह वाहत नाहीत. ते केवळ निरोप देतात, तोही प्रसंग येईल तेव्हाच. ‘मेट्रो’ नावाचा चौकोन असाच निरोप्या आहे. त्यापुढे ५०० लिहिले की तो दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका पुढे पाठवितो.

आता आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. संगीताच्या पाठ्यपुस्तकांत मध्य षड्जाची आंदोलने २४० धरतात व पंचमाची ३६०. दोन ‘ऑस्क’ घ्यावेत, एकास २४० द्यावे व दुसऱ्यास २४१. कानांस दोन स्वर ऐकू येत नाहीत. एकच स्वर दर सेकंदाला एकदा फुगतो व ओसरतो. दुसरा आकडा २४२ केला की सेकंदाला दोनदा. तंबोरा जुळविताना गवई कान लावून जे ऐकत असतो, ते हेच. पुढे ‘ऑस्क’च्या जागी ‘फेझर’ हा उपस्वरांनी भरलेला करकरीत स्वर घ्यावा आणि २४० समवेत ३६० लावावा. दोन्ही स्वर एकमेकांत मिसळून स्थिर उभे राहतात. मग ३६० काढून तेथे ३५९.६ घालावे. हार्मोनियमचा समविभागी पंचम तो हाच. लगेच स्वरांत मंद हेलकावा येतो, कारण षड्जाचा तिसरा उपस्वर ७२० असतो व या पंचमाचा दुसरा ७१९.२, आणि त्यांतील फरक सेकंदास ०.८, म्हणजे पाच सेकंदांत चार हेलकावे. पेटीच्या सुरांविरुद्ध गवयांची तक्रार काय आहे, ती विद्यार्थ्याला आपल्या कानांनी पारखता येते. आमच्या मते, शाळेत हे साधन आणण्यास एवढे एक कारण पुरे आहे.

या साधनाचा इतिहास थोडक्यात सांगतो. संगणकाने नाद निर्माण करण्याचा पाया अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली घातला. त्यानंतर पॅरिस येथील ‘इर्काम’ या संगीतसंशोधन संस्थेत, हार्वर्ड विद्यापीठात गणिताचे शिक्षण घेतलेले मिलर पकेट यांनी १९८० नंतरच्या दशकात चौकोन व रेघा यांचे साधन रचले. फिलिप मानूरी या फ्रेंच संगीतरचनाकाराच्या ‘प्लुतों’ या पियानो व विद्युत्-ध्वनी यांच्या १९८८ च्या रचनेत त्याचा उपयोग झाला. मॅथ्यूज यांच्या सन्मानार्थ त्यास ‘मॅक्स’ हे नाव मिळाले आणि १९९० पासून ते बाजारात विक्रीस आले. आजही ते विकत मिळते. पकेट मात्र पुढे कॅलिफोर्नियातील सान दिएगो येथील विद्यापीठात गेले, आणि तेथे त्यांनी तीच कल्पना नव्याने रचून १९९६ मध्ये ‘प्युअर डेटा’ लोकांपुढे मांडले. त्याची मूळ लिखित रचना कोणासही पाहता यावी, बदलता यावी, वाटता यावी, अशी मोकळीक त्यांनी परवान्यातच दिली. वितरणांचा पसारा वाढला तो या मोकळिकीमुळेच. जे बदलता येते ते बदलणारे लोक निघतातच.

वितरण म्हणजे काय, हे मराठी वाचकास समजाविण्यास दूर जावयास नको. ज्ञानेश्वरी एकच, परंतु तिच्या प्रती उतरून घेताना लेखकागणिक पाठ बदलत गेले, आणि शके १५०६ मध्ये एकनाथांना तिचे शुद्धीकरण करावे लागले. पुढेही कोणी मूळ ओव्या तेवढ्या छापतो, कोणी शब्दकोश जोडतो, कोणी ओवीखाली अर्थ देतो. ग्रंथ तोच, हाती येणारे पुस्तक निराळे. प्युअर डेटाचेही तसेच आहे. गाभा पकेट यांचा. त्याभोवती कोणी काय बांधून दिले आहे, यावरून वितरण ठरते.

पहिले वितरण म्हणजे खुद्द पकेट यांचे. त्याला ‘व्हॅनिला’ म्हणतात. इंग्रजी बोलीत या शब्दाचा अर्थ ‘कोणतीही भर न घातलेले, साधे’ असा होतो. बर्फाच्या मिठाईतील सर्वांत साधा प्रकार, त्यावरून. व्हॅनिलात गाभ्याचे चौकोन व थोडे पूरक चौकोन एवढेच असते. रूप साधे, किंबहुना रुक्ष: पांढरी पाटी, काळ्या रेघा. जुन्या, मंद संगणकावरही ते निमूटपणे चालते. जुन्या आकृत्या नव्या आवृत्तीत जशाच्या तशा चालाव्यात याविषयी पकेट यांचा कटाक्ष प्रसिद्ध आहे.

या साधेपणाला कंटाळून दुसरे वितरण जन्मास आले. जगभरच्या लोकांनी आपापल्या गरजेसाठी शेकडो नवे चौकोन रचले होते. कोणी प्रतिध्वनीचा, कोणी चलच्चित्राचा, कोणी तारायंत्रणेतून निरोप धाडण्याचा. हे सारे एकत्र बांधून एकाच गाठोड्यात देण्याचे काम हान्स-ख्रिस्तोफ स्टायनर यांच्या पुढाकाराने ‘पीडी-एक्स्टेंडेड’ या वितरणाने केले. (पीडी हे प्युअर डेटाचे लघुरूप.) कित्येक वर्षे विद्यापीठांतून व कार्यशाळांतून हेच शिकविले गेले, नवशिक्याला काहीच शोधावे लागत नसे, सगळे घरातच. परंतु अशा गाठोड्यातील प्रत्येक ग्रंथालयाची निगा राखावयाची तर केवढे मनुष्यबळ हवे! २०१३ मधील ०.४३.४ या आवृत्तीनंतर पुढची आवृत्ती निघाली नाही. त्या काळातील आकृत्या व शिकवणीची पाने मात्र अद्याप जागोजाग सापडतात, आणि ती पाहून आजचा विद्यार्थी सहज फसतो.

तिसरी शाखा अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील. तेथे इव्हित्सा इको बुकविच यांनी २००९ मध्ये संगणकवादकांचा एक वाद्यवृंद उभारला. प्रत्येक वादकापुढे एक लहान संगणक, हाती खेळण्याचे नियंत्रक, आणि शेजारी कोशिंबिरीच्या वाडग्यापासून घरीच केलेला अर्धगोल ध्वनिक्षेपक. या वृंदासाठी त्यांनी ‘पीडी-एल-टू-ऑर्क’ ही शाखा काढली. तीत लहान मुलांसाठी एक निराळी सोपी मांडणीही ठेवली होती, हे शिक्षकांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. केलेली कृती मागे घेण्याची सोय व्हॅनिलात फार दिवस एकाच पावलापुरती होती. या शाखेने ती हवी तितकी पावले मागे जाण्याइतकी वाढविली, आणि पुढे व्हॅनिलानेही तशी सोय स्वीकारली. फांदीने मुळाला दिले, असे क्वचितच घडते. याच शाखेतून जोनाथन विल्क्स यांनी ‘पर डेटा’ हे वितरण काढले. त्याचे दृश्य रूप त्यांनी जाळ्यावरची पाने दाखविण्याच्या तंत्रावर नव्याने बसविले. त्यामुळे ते दिसते नीटनेटके. पण पाने दाखविणारे अवजड यंत्रच पोटात घेतल्यामुळे आकाराने व्हॅनिलाहून पुष्कळ मोठे झाले आहे.

चौथे ‘प्लगडेटा’ हे त्या मानाने अलीकडचे. टिमोथी स्कोएन यांनी सुरू केलेल्या या वितरणात गाभा पकेट यांचाच आहे, पण पोशाख संपूर्ण नवा आहे. आम्हां कोकणी बोलणाऱ्यांना हे चटकन समजते. एकच कोकणी आमच्यापैकी कोणी देवनागरीत लिहितात, कोणी रोमीत, कारवारच्या बाजूला कानडीत. लिपी बदलली म्हणून आईने मारलेली हाक बदलत नाही. प्लगडेटाचे चौकोन गोलाकार कोपऱ्यांचे, रेघा वळणदार, रंग डोळ्यांना सुखविणारे. त्याचा खरा गुण मात्र निराळाच आहे. ध्वनिमुद्रणाच्या तयार साधनांत ते उपकरण म्हणून आत बसविता येते; म्हणजे गाणे मुद्रित करता करता एका पट्टीवर आपली स्वतःची आकृती चालविता येते. व्हॅनिला एकटे ही गोष्ट करीत नाही. शिवाय ‘एल्स’ व ‘सायक्लोन’ ही चौकोनांची दोन मोठी ग्रंथालये त्यात आरंभापासून जोडलेली असतात.

एवढे वाचून कोणीही म्हणेल, मग प्लगडेटाच घ्यावे. सुंदर आहे, सोयीचे आहे, भरलेले आहे. येथे जरा थांबावे. निवडीचा मर्म याच ठिकाणी आहे.

आकृती साठविली म्हणजे संगणकावर नेमके काय उरते? उरते ते साध्या अक्षरांचे एक टिपण. ते टिपणवहीत उघडून कोणासही वाचता येते. त्यातील एकेक ओळ सांगते की, डावीकडून इतक्या अंतरावर व वरून इतक्या अंतरावर एक चौकोन आहे आणि त्यात अमुक शब्द लिहिला आहे. शेवटच्या ओळी सांगतात की, इतक्या क्रमांकाचा चौकोन इतक्या क्रमांकाच्या चौकोनास जोडला आहे. बस्स. तो शब्द काय काम करतो, हे त्या टिपणात नसते; ते काम वितरणाच्या पोटात असते. पाककृतीत ‘तिरफळे घालावीत’ एवढे लिहिले म्हणून वाचणाऱ्याच्या घरी तिरफळे असतातच असे नाही. आमच्याकडे ती कोणत्याही स्वयंपाकघरात सापडतील. दूरदेशी कोणी ती पाककृती घेऊन बसला तर हुमणाचे काय होईल ते सांगावयास नको.

तेच आकृतीचे होते. पीडी-एक्स्टेंडेडमध्ये ‘फ्रीव्हर्ब’ नावाचा घुमारा देणारा चौकोन असे. तो वापरून केलेली आकृती व्हॅनिलात उघडली की तो चौकोन तुटक रेघेने काढलेला दिसतो आणि ‘हा निर्माण करता आला नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी निरोप खिडकीत उमटतो. जोडलेल्या रेघा दिसतात, पण त्यांतून काही वाहत नाही. एखाद्या आकृतीत असे वीस-पंचवीस चौकोन असले, तर ती दुरुस्त करण्यापेक्षा पुन्हा रचणे सोपे ठरते. ज्यांनी पीडी-एक्स्टेंडेडवर वर्षानुवर्षे संगीत रचले, त्यांपैकी अनेकांपुढे २०१३ नंतर हाच प्रसंग उभा राहिला. आणि प्लगडेटात ‘एल्स’ व ‘सायक्लोन’ आयती जोडलेली असल्यामुळे, आपण गाभ्यातला चौकोन वापरीत आहोत की बाहेरचा, हे नवशिक्याच्या ध्यानीही येत नाही. सोय वाईट नाही. न कळत घेतलेली सोय पुढे नडते.

एक उदाहरण विस्ताराने देतो, कारण त्यात दोन्ही बाजू नीट दिसतात. समजा, त्रितालाच्या सोळा मात्रा मोजावयाच्या आहेत. ‘सायक्लोन’मध्ये ‘काउंटर’ नावाचा चौकोन आहे. त्यापुढे ० व १५ लिहिले की, प्रत्येक ठोक्यास तो एकेक आकडा पुढे जातो व पंधरानंतर शून्यावर येतो. एका चौकोनात काम झाले. व्हॅनिलात ‘काउंटर’ नाही. तेथे ‘मेट्रो ५००’ खाली एक आकडा साठविणारा चौकोन मांडावा. त्याचे नाव केवळ ‘एफ’. त्याखाली ‘अधिक १’ हा चौकोन. ‘एफ’मधून निघालेला आकडा ‘अधिक १’ मध्ये जातो, आणि तेथून निघालेली रेघ परत वर नेऊन ‘एफ’च्या उजव्या दारास जोडावयाची. प्रत्येक ठोक्यास साठलेला आकडा बाहेर पडतो व त्याच्या जागी एकाने मोठा आकडा येऊन बसतो. मग ‘एफ’मधून दुसरी रेघ काढून ‘मॉड १६’ या चौकोनास द्यावी. तो सोळाने भागून बाकी तेवढी पुढे देतो. शून्य म्हणजे सम, चार म्हणजे दुसरी टाळी, आठ म्हणजे काल, बारा म्हणजे तिसरी टाळी. ‘सेल ० ४ ८ १२’ हा चौकोन हे चार आकडे वेगळे काढून देतो. प्रत्येकाला निराळा नाद जोडला की त्रिताल उभा राहिला. अर्ध्या सेकंदाची मात्रा धरली तर आवर्तन आठ सेकंदांचे.

येथे विद्यार्थ्याने एक प्रयोग कागदावर करून पाहावा. परत नेलेली रेघ ‘एफ’च्या उजव्या दाराऐवजी डाव्या दारास जोडली तर काय होईल? डावे दार ‘तापलेले’ असते. त्यात काही आले की चौकोन तत्काळ उत्तर देतो. उजवे दार ‘थंड’. ते आलेले नुसते साठवून ठेवते. डाव्या दारास जोडले तर आकडा बाहेर पडताच एकाने वाढून परत येतो, आल्याबरोबर पुन्हा बाहेर पडतो, आणि हे चक्र एका क्षणात हजारदा फिरून शेवटी साधन चुकीचा इशारा देऊन थांबते. ज्याला हे उमगले त्याला प्युअर डेटा निम्मे उमगले. ‘काउंटर’ वापरणाऱ्यास ते उमगण्याचा प्रसंगच येत नाही. म्हणून, शिकावयाचे असेल त्याने व्हॅनिलापासून आरंभ करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पकेट यांचे संगणकीय संगीतावरचे २००७ सालचे पुस्तकही व्हॅनिलाच्याच उदाहरणांवर रचलेले आहे, आणि ती उदाहरणे साधनाबरोबरच मिळतात.

व्हॅनिला घेतले म्हणून बाकीचे जग बंद झाले, असे समजण्याचे कारण नाही. २०१६ मध्ये आलेल्या ०.४७ या आवृत्तीपासून त्यात ‘डेकन’ नावाची सोय आहे. हव्या त्या चौकोनाचे नाव लिहून शोध घेतला की, तो ज्या ग्रंथालयात आहे ते समोर येते व तेथूनच उतरवून घेता येते. ‘एल्स’, ‘सायक्लोन’, चलच्चित्रांसाठी ‘जेम’, सर्व काही मिळते. फरक एवढाच की, गाठोडे आयते मिळत नाही. लागेल ती वस्तू आपण मागून घेतो, आणि मागितली होती हे आपल्या ध्यानात राहते. ते आकृतीच्याही ध्यानात राहावे म्हणून ‘डिक्लेअर’ असा चौकोन मांडून त्यात ग्रंथालयाचे नाव लिहिण्याची चांगली रीत आहे. आमच्या वर्गात ही रीत सक्तीची आहे. दहा वर्षांनी ती आकृती कोणी उघडली, तर तिला काय काय लागते याची यादी तीतच वाचावयास मिळेल.

ज्या मुलाला घरी भजनाचे वा नाटकातील पार्श्वसंगीताचे मुद्रण करावयाचे आहे, त्याने प्लगडेटा जरूर घ्यावे. ते काम दुसऱ्या कोणत्याही वितरणात इतके सुखाने होत नाही. मात्र गाभ्यातले चौकोन आधी ओळखून घ्यावेत, आणि आपली आकृती अधूनमधून व्हॅनिलात उघडून तुटक रेघ कोठे दिसते का ते पाहावे. दोन्ही वितरणे एकाच संगणकावर गुण्यागोविंदाने नांदतात. अगदी जुन्या संगणकाचा चित्रविभाग दुबळा असेल तर प्लगडेटा जड वाटण्याचा संभव आहे. तेथे व्हॅनिलाच बरे. पर डेटा व पीडी-एल-टू-ऑर्क यांविषयी आम्हांला आदर आहे, पण ज्याच्या शेजारी ते जाणणारा कोणी आहे त्यानेच त्या वाटेस जावे. एकट्याने शिकताना, ज्या वाटेवर माणसे अधिक ती वाट धरणे शहाणपणाचे. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक ज्यांच्याकडे असेल त्यांना लिनक्सच्या भांडारातून व्हॅनिला एका आज्ञेने मिळते. भांडारातील आवृत्ती काहीशी मागची असू शकते, पण शालेय कामास त्याने अडत नाही.

या चारांखेरीज ‘लिबपीडी’ या नावाचा आणखी एक प्रकार कानांवर येतो. ते वितरण नव्हे. गाभा तेवढा वेगळा काढून तो दुसऱ्या साधनांत, दूरध्वनीत वा खेळात, बसविण्याची ती युक्ती आहे. २००८ मध्ये निघालेल्या ‘स्पोअर’ या संगणकखेळातील आपोआप रचले जाणारे संगीतही प्युअर डेटाच्याच एका रूपावर चालत असे, हे आमच्या खेळप्रेमी विद्यार्थ्यांना सांगितले तेव्हा त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. त्या दिवशी वर्गातून कोणी लवकर उठले नाही.

एक शंका उरते. एखाद्या पालकाच्या घरी जुन्या संगणकावर पीडी-एक्स्टेंडेड आधीपासून आहे व त्यावर मोठ्या भावाने किंवा बहिणीने केलेल्या आकृत्याही आहेत. त्यांचे काय करावे? नवा विद्यार्थी त्यावर बसवू नये, पण ते पुसूनही टाकू नये. जुनी आकृती प्रथम तेथेच उघडावी, ती कशी वाजते ते नीट ऐकावे व शक्य तर मुद्रित करून ठेवावे. मग तीच आकृती नव्या संगणकावर व्हॅनिलात उघडावी आणि तुटक रेघेचे चौकोन एका कागदावर टिपून घ्यावेत. एकेकाचे नाव ‘डेकन’मध्ये शोधावे. मिळाला तर उतरवून घेऊन ‘डिक्लेअर’मध्ये नोंदवावा, न मिळाला तर ‘काउंटर’प्रमाणे तो गाभ्यातल्या चौकोनांनी रचता येतो का ते पाहावे. नवी आकृती नव्या नावाने साठवावी, जुनीस हात लावू नये. साधन बंद करून आकृती पुन्हा उघडली की, सापडलेल्या चौकोनाची तुटक रेघ अखंड दिसते. एक चौकोन लागी लागला म्हणजे कागदावरील त्याच्या नावापुढे खूण करावी व पुढच्या नावाकडे वळावे.